अठ्ठावीसवर ठेवलेली खोली

हे घडलेलं आहे. इकडून तिकडून ऐकलेलं नाही.

ज्या घरात घडलं ते घर माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, द्वारकाबाईचं. तिला वडगाव निंबाळकरला दिली, मला माळेगावला. तिच्या तोंडाला सगळा गाव भितो आणि माझ्या तोंडाला ती. त्यामुळं आमच्या दोघींत थापा चालत नाहीत.

ज्या शहाण्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढं जागा नाही.

मागच्या वर्षीचा डिसेंबर. मंगळवार. इंदापुरातला एक बंद पडलेला दवाखाना, पहिला मजला, तीन नंबरची खोली.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं. बाहेर लख्ख ऊन. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, समोरच्या गाड्यावर भजी तळली जात होती.

अशात ते झालं.

पण आधीचं आधी सांगते.

द्वारकाबाईची सून वल्लरी. इंदापूरचीच, शिकलेली. मुलगा रणजित ऊस आणि म्हशी बघतो. वल्लरी घरात बसून लॅपटॉपवर पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काय काम, ते द्वारकाबाईला वर्षभर कळलं नव्हतं. "बोटं नाचवायचा पगार घेती," एवढंच ती लोकांना सांगायची. शेवटी एक दिवस वल्लरीनंच समजावलं.

"आत्या, मोठ्या इमारतींच्या भिंतीवर एक वाटीएवढं यंत्र असतं. थर्मोस्टॅट. खोली किती गरम, किती गार ठेवायची ते त्याच्यावर फिरवून ठरवायचं. आणि ते सगळं लिहून ठेवतं. दर पाच मिनिटांनी. खोली किती गरम आहे, वीज किती खाल्ली, आत माणूस आहे का नाही."

"माणूस हाय का न्हाय ते त्येला काय कळतंय?"

"अंगाची ऊब कळते त्याला. माणूस हलला की कळतं."

"आन् तू हितं बसून कसं वाचतीस?"

"त्याला एपीआय म्हणतात. डेअरीत खिडकी असते ना? आपण कोड नंबर सांगतो, आतून चिठ्ठी येते. लिटर किती, फॅट किती. तसंच. मी इमारतीचा नंबर टाकायचा, तारीख टाकायची, आतून चिठ्ठी येते. आत कुणी जात नाही. खिडकीतनं विचारायचं फक्त."

"खिडकी खोटं बोलली तर?"

"तिला खोटं बोलता येत नाही, आत्या."

द्वारकाबाई उठून चुलीकडं गेली.

कारण त्या घरात खोटं बोलता येणारं माणूस एकच होतं. ती स्वतः.

ते खोटं काय होतं, ते ऐका.

दोन वर्षं व्हायला आली होती त्याला. पहिलं बाळंतपण म्हणून वल्लरी माहेरी गेलेली. आठव्या महिन्यातच पोट कापून मुलगी काढली. दीड किलोची. पहिल्या मजल्यावर, तीन नंबरच्या खोलीत तिला काचेच्या पेटीत ठेवली. वल्लरी तापानं फणफणलेली, खालच्या मजल्यावर. पोरीला तिनं एकदाच बघितलेली. तेही लांबून.

पाचव्या दिवशी द्वारकाबाई पाचवीचं सामान घेऊन इंदापूरला गेली. पाचवीला सटवाई येते, लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. पाटा-वरवंटा पुजायचा. कोरा कागद आणि पेन ठेवायचं. दिवा विझू द्यायचा नाही. आणि लेकरापाशी कुणीतरी जागं बसायचं, त्याला एकटं टाकायचं नाही.

दवाखान्यात दिवा लावू देईनात. मग पूजा वल्लरीच्या माहेरच्या घरी मांडायचं ठरलं. निघायच्या आधी, रात्री साडेनऊला, द्वारकाबाई नातीला बघायला वर गेली.

पेटीला लागून खुर्ची होती. खुर्चीत एक आया. तिशीची, बारकी, सावळी. पेटीच्या भोकातनं हात आत घालून तिनं पोरीचे दोन्ही पाय मुठीत धरले होते.

"मावशी, हिचं पाय गार पडत्यात," ती म्हणाली. "ते भितीवरचं मशीन सिस्टर चोवीसवर ठिवून जात्यात. मी गुपचूप अठ्ठावीसवर करते. लेकराला ऊब लागती."

"रातभर हाईस का तू?"

"हाय की. दुपारी दोनला आलीया, आता सकाळीच जायाची. दुसरी आया आलीच न्हाय."

"गुणाची गं बाई. नाव काय तुजं?"

"नकोशी."

द्वारकाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"नकोशी, मावशी. आईला चौथी पोरगी मी. तिनं ठिवलं, मी काय मागून घेतलं न्हाय." आणि ती हसली.

द्वारकाबाई हसली नाही. पाचवीची रात्र. सटवाई लिहायला निघालेली. आणि लेकराचे पाय धरून कोण बसलीय, तर नकोशी.

ती तडक खाली गेली आणि सिस्टरपुढं उभी राहिली.

"असल्या नावाची बाई पाचवीच्या राती माज्या नातीपाशी? सटवाई काय लिहील कपाळावर? हिला काढा तितनं. न्हायतर लेकरू उचलून नेते."

सिस्टरनं समजावलं. मग वैतागली. मग नकोशीला खाली बोलावलं आणि घरी जा म्हणाली. "दुसरीला बसवते, मावशी. झालं समाधान?"

नकोशी पिशवी काखेत मारून द्वारकाबाईसमोरनं गेली. भांडली नाही. "पाय तेवढं बघायला सांगा," एवढंच म्हणाली.

द्वारकाबाई व्याह्यांच्या घरी आली. दिव्यात तेल घालत रात्रभर जागली.

लेकरू एकीकडं. दिवा दुसरीकडं. आणि जागत बसली ती दिव्यापाशी. माझीच बहीण आहे, पण अक्कल बघा.

पहाटे फोन आला.

चार चाळीसला पेटीचं मशीन ओरडलं. सिस्टर वर पळाली. तोवर पोरगी गेली होती.

सिस्टरनं द्वारकाबाईला जिन्याखाली नेऊन खरं सांगितलं. खाली दोन बायका अडल्या होत्या. दुसरी आया मिळालीच नाही. रात्रभर खुर्ची रिकामी होती.

"हे आमच्या सुनंला सांगू नगा," द्वारकाबाई म्हणाली.

वल्लरी रडली नाही. तिनं एकच विचारलं.

"तिच्याजवळ कोण होतं?"

"आया होती की. रातभर बसून होती."

"बरं," वल्लरी म्हणाली.

तेव्हापासून ती तशीच होती. जेव म्हटलं की जेवायची. झोप म्हटलं की पडायची. काम एके काम. कुणी घरी आलं की चहा ठेवायची, कपात ओतायची, आणि तो कप हातात धरून उभीच राहायची. आणि मधूनच, भाकरी थापता थापता, तेच विचारायची.

"आत्या, आया होती ना?"

"होती गं."

दोन वर्षं हे चाललं. "खरं सांगितलं तर ती मरंल, न्हाय सांगितलं तर मी," असं द्वारकाबाई एकदा माझ्यापाशी म्हणाली होती. मी म्हटलं, मग तू मर. आता वाटतं, बोलायला नको होतं.

मग तो डिसेंबर आला.

दवाखाना नव्या इमारतीत जाऊन वर्ष झालं होतं. जुन्याला कुलूप. वीज मात्र जोडलेलीच होती, आणि बंद इमारत वीज खात होती. कोण खातंय ते बघा, म्हणून काम कंपनीकडं आलं. कंपनीकडनं वल्लरीकडं. तिथं कुणाला काय ठाऊक, तिचं त्या इमारतीत काय गेलंय ते.

तिनं नाही म्हटलं नाही. नंबर टाकला. चिठ्ठी मागवली.

सकाळी न्याहारीला तिनं रणजितला सांगितलं. आवाजात चढ नाही, उतार नाही.

"सगळ्या खोल्या बंद आहेत. एक सोडून. तीन नंबरची."

रणजितचा घास हातातच राहिला.

"रोज दुपारी दोन वाजता कुणीतरी येतं. चोवीसवरनं अठ्ठावीस करतं. माणूस आहे, असं येतं चिठ्ठीत. एक दिवस चुकत नाही."

"पाल असंल गं. न्हायतर घूस."

"घूस अठ्ठावीस करते का?"

चुलीपाशी द्वारकाबाईचे हात पिठात थांबले.

"किती म्हणलीस?"

"अठ्ठावीस."

दुपारी दोन... आणि अठ्ठावीस.

त्या दोन आकड्यांचा अर्थ त्या घरात फक्त तिला ठाऊक होता.

"रणजित, गाडी काढ," ती म्हणाली. "मी बघून येते."

"आई, तू काय बघणार तिथं?"

"तुजा बाप काढायचा बरं का गाडी, न इचारता."

वल्लरी म्हणाली, "मी त्या इमारतीत पाय ठेवणार नाही. मी इथनं बघते. फोन चालू ठेवा."

मंगळवारी ते गेले. राखणदारानं खालचं दार उघडलं. तो म्हणाला, वर्षात कुणी वर गेलं नाही. खोटं बोलत नव्हता. जिन्यावर बोटभर धूळ होती आणि त्या धुळीत एक पाऊल नव्हतं. चिमणीचंसुद्धा नाही.

रणजितनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"दोन पाचची चिठ्ठी आली," वल्लरीचा आवाज. "माणूस आहे."

"अगं आमी अजून जिन्यात हाय."

फोनमधनं लॅपटॉपवर बोटं वाजल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "तीन नंबरमध्ये... माणूस आहे."

राखणदार एक पायरी मागं सरला. द्वारकाबाईनं त्याच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या. वर चढली. तीन नंबरच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. गंजलेलं. किल्ली फिरता फिरेना. दोन्ही हातांनी फिरवली तेव्हा उघडलं.

आत कुणी नव्हतं.

पेटी नेलेली. पडदे नेलेले. भिंतीवर ते वाटीएवढं यंत्र, त्यावर हिरवा आकडा. २८. आणि खोलीच्या मधोमध एक खुर्ची, भिंतीकडं नाही, दाराकडं नाही... जिथं पेटी असायची तिकडं तोंड करून.

खोली उबदार होती. उन्हानं तापलेली नव्हे. गोधडीत कुणी झोपून उठल्यावर गोधडी असते तशी.

तिघंही आत उभी राहिली. खालनं भज्याचा वास येत होता.

"दोन दहाची आली," वल्लरी म्हणाली. आणि थांबली.

"काय आलंय?"

"तुम्ही आत गेलात का?"

"तिघं हाय आमी. मधोमध उभं हाय."

"माणूस नाही, असं आलंय."

"असं कसं? नीट बघ की."

"नीटच बघतेय. अहो, हात हलवा बरं. फिरा खोलीत."

रणजितनं हात हलवले. खोलीभर चालला. भिंतीवरच्या यंत्रासमोर जाऊन टाळ्या वाजवल्या. एवढा दांडगा गडी, शाळेतल्या पोरासारखा टाळ्या वाजवत होता.

दोन पंधरा.

"नाही," वल्लरी म्हणाली.

जिवंत तीन माणसं... आणि त्या यंत्राला एकही दिसेना.

द्वारकाबाईची नजर खुर्चीवर गेली. पाठीवर धूळ. हातांवर धूळ. पायांवर कोळिष्टकं.

बसायची जागा तेवढी स्वच्छ.

"चला," ती म्हणाली.

कुलूप लावलं. जिना उतरले. शेवटच्या पायरीवर फोन पुन्हा बोलला.

"दोन वीस. माणूस आहे."

घरी आल्यावर वल्लरीनं काही विचारलं नाही. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी तिनं द्वारकाबाईला हाक मारली आणि आपल्याशेजारी बसवलं.

"आत्या, खिडकीला जुनी तारीखपण विचारता येते. मी दोन वर्षं विचारली नव्हती. काल विचारली."

संपलं, द्वारकाबाईला वाटलं. आता खिडकी सांगणार. खुर्ची रिकामी होती.

वल्लरी वाचायला लागली. पोथी वाचावी तशी, एकेक ओळ.

"नऊ पस्तीस, आहे. अठ्ठावीस. ... नऊ पन्नास, नाही. ... दहा, नाही. कुणीतरी चोवीस केलंय. ... साडेदहा, नाही. ... अकरा, नाही. ... अकरा पंधरा, नाही."

द्वारकाबाईनं डोळे मिटले.

"अकरा वीस... आहे."

डोळे उघडले.

"अठ्ठावीस केलंय. अकरा पंचवीस, आहे. साडेअकरा, आहे. ..."

तिनं सगळ्या ओळी वाचल्या. एकही गाळली नाही. चौसष्ट ओळी. आहे. आहे. आहे. बाहेर म्हैस ओरडत होती, धारेची वेळ टळून गेली, पण कुणी उठलं नाही.

"चार पस्तीस, आहे. चार चाळीस..." वल्लरी थांबली. "चार चाळीस, नाही. चार पंचेचाळीस, आहे. ती सिस्टर असणार."

तिनं लॅपटॉप मिटला.

"दीड तास एकटी होती फक्त. नंतर नाही. तुम्ही खरं सांगत होता, आत्या. मला कधी खरं वाटलं नव्हतं. माफ करा."

माफ करा, म्हणाली ती. हिला.

"कोण होती ती आया? नाव ठाऊक आहे?"

द्वारकाबाईनं मनात जुळवलं. आपण हाकलली, ती गेली, आणि आपली पाठ फिरल्यावर परत येऊन बसली. तशीच होती ती. सिस्टरला खाली काय पत्ता! मंगळवारी खोलीत जे झालं, ते तिनं तेवढ्यापुरतं मनाआड टाकलं.

"नकोशी," ती म्हणाली.

दोन वर्षांत त्या प्रश्नाचं तिनं दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. त्या रात्री ती गाढ झोपली. तिनंच मला सांगितलं, लाज वाटावी इतकी गाढ.

वल्लरी म्हणाली, तिची ओटी भरायची. हिरवी साडी घेतली, नारळ घेतला. नव्या दवाखान्यात फोन करून पत्ता काढला. उजनीच्या पाण्याकाठी वस्ती होती, इंदापूरच्या पुढं. रविवारी सकाळी दोघी रणजितला घेऊन गेल्या.

पत्र्याचं घर. दारात जाळं वाळत घातलेलं. नकोशीचा नवरा गेणबा जाळ्याची भोकं शिवत बसला होता. पाहुण्या बघून उठला, सतरंजी टाकली.

"नकोशी हाय का घरात?" द्वारकाबाईनं विचारलं.

गेणबानं तिच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं.

भिंतीवर फोटो होता. फोटोला हार होता. हार प्लॅस्टिकचा, धुऊन धुऊन रंग गेलेला.

"कवा?" द्वारकाबाईनं विचारलं.

"दोन वर्सं व्हतील माघात. दवाखान्यातनं येत व्हती, चालत. उसाच्या ट्रॉलीखाली आली. जाग्यावर गेली."

वल्लरीनं विचारलं, "तारीख कुठली?"

त्यानं सांगितली.

"वेळ?"

"पावणेअकरा. पोलिसांच्या कागदात लिव्हलंय."

वल्लरीनं मान हलवली. जणू एखादा आकडा उतरवून घेतला.

पावणेअकरा.

आणि चिठ्ठीतली ओळ... अकरा वीस.

गेणबा सुई टोचत सांगत होता. "घरी याची नव्हतीच त्या राती. तितं कोण म्हातारी आली म्हणं, तिनं नावाचा अपशकुन धरला. म्हणून सोडली हिला. निघताना फोन केलता मला. म्हणली, येतीय, पण जीव तितंच राह्यलाय. पेटीतल्या लेकराचं पाय गार हायती."

जाळ्यातनं सुई आरपार जात होती, येत होती.

द्वारकाबाईला गप्प बसता आलं असतं. तिथं तिला कोण ओळखत होतं? वल्लरीला निम्मं कळलं होतं, निम्मं नव्हतं. अजून एक खोटं, आणि सगळं होतं तसं राहिलं असतं.

"ती म्हातारी मी," द्वारकाबाई म्हणाली.

सुई थांबली.

"मीच हाकलली तिला. आन् वल्लरी, खुर्ची रातभर रिकामी व्हती असं सिस्टरनं मला त्याच पहाटं सांगितलं व्हतं. मी तुला खोटं सांगत आले."

पाण्यावरनं वारा आला, जाळं हललं. रणजित दारात उभा होता तो तसाच वळून बाहेर गेला.

गेणबा बराच वेळ फोटोकडं बघत बसला. मग उठला. चुलीकडं गेला. पाठमोराच म्हणाला,

"च्या घ्या. बिनदुधाचा हाय."

त्या चहाचा घोट गळ्याखाली उतरताना जे झालं ते अजून कशानं झालं नाही, असं द्वारकाबाई म्हणते. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडी फोटोपुढं ठेवली. नारळ ठेवला.

परतताना बारामतीचं रेल्वे फाटक आलं. फाटक बंद होतं. गाडी थांबली तेव्हा वल्लरी म्हणाली,

"पण ती होती ना, आत्या."

द्वारकाबाईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"होती," वल्लरीच म्हणाली. "चौसष्ट ओळी."

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीत ती इमारत पाडली. वीज तोडली. भिंतीवरची यंत्रं काढून कंपनीकडं गेली, आणि तीन नंबरचं तेवढं वल्लरीनं मागून घेतलं. वडगावच्या घरात, तिच्या खोलीतल्या फडताळात ते पडून आहे. वायर नाही, सेल नाही. नुसती वाटी. कंपनीच्या यादीतनं त्याचा नंबरही काढून टाकलाय. खिडकीला विचारलं तर असं यंत्रच नाही, हे उत्तर यायला पाहिजे.

सकाळी विचारलं तर तेच येतं.

दुपारी दोननंतर विचारलं... तर येत नाही.

दुसरंच येतं.

इमारत पाडताना द्वारकाबाईनं टेम्पो पाठवून ती खुर्चीही आणवली. मी तिला म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घरात कुणी असलं आणतं का? तिनं उलट उत्तर दिलं नाही. माझ्या जन्मात असं पहिल्यांदा झालं.

आता परवाचं सांगते. हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून मी वडगावला गेले होते. वल्लरीला सातवा महिना लागलाय. मी तिच्या खोलीत गेले. गुडघे दुखत होते, समोर खुर्ची दिसली, टेकायला म्हणून बसायच्या जागेवर हात ठेवला.

दारातनं द्वारकाबाई म्हणाली, "तितं बसू नगंस."

घड्याळात अडीच वाजले होते. खोलीत ऊन येत नाही. सकाळपासनं गार वारं सुटलेलं, मी अंगावर शाल घेतलेली.

खुर्ची कोमट होती.

मी हात काढून घेतला. उभीच राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"ह्या बारीला पाचवी हितंच कर गं बाई. आन् लेकरापाशी कोण जागणार ते आत्ताच ठरव."

द्वारकाबाईनं खुर्चीकडं बघितलं. मग पदर सावरला.

"मी बसणार हायच," ती म्हणाली. "पण बसणारी हाय."

पलंगावर वल्लरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. फक्त हळूच म्हणाली, "आवाज कमी करा, आत्या."

मी तेव्हाच एसटी धरून माळेगावला आले. कुणाला दोष देत नाही. नकोशी चांगलीच होती, जिवंत होती तेव्हाही. वल्लरी म्हणते, चार चाळीसला दोघी बरोबरच निघून गेल्या. मग रोज दोनला येते ती एकटीच येते का, आणि पाय कुणाचे धरून बसते, हे मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही.

एवढंच झालंय, की थंडीत रात्री माझे पाय गार पडतात.

आणि मी गोधडी ओढून घेत नाही. मी हलतच नाही. पाय आपोआप उबदार झाले तर काय करायचं, ते मला सुचत नाही.